टणक चिकूच्या आतला पडदा

पुण्याच्या मंडईत चिकू मिळतो, पण तो झाडावरून कधी उतरवला हे कुणालाच सांगता येत नाही. विकणारा म्हणतो, "कालचाच." त्याला ज्याने दिला तोही "कालचाच" म्हणालेला असतो. खाणाऱ्याचं त्यावाचून काही अडत नाही. माझं अडत होतं, म्हणून गेल्या माघात मी एकटीच डहाणूला निघाले.

मी एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते आणि फळ पिकतं म्हणजे त्याच्या आत काय होतं याचा अभ्यास करते. फळ लहान लहान पेशींचं बनलेलं असतं. प्रत्येक पेशीला बाहेरून एक भिंत असते आणि भिंतीच्या आत एक अतिशय पातळ पडदा असतो. पेशीतले क्षार, साखर, आंबटपणा, सगळं हा पडदा धरून ठेवतो. फळ मऊ होतं ते भिंती विरघळतात म्हणून, एवढं सगळ्यांना मान्य आहे. वाद पडद्याचा होता. मी ज्यांच्या हाताखाली काम करते त्या सरांचं म्हणणं, पडदा शेवटपर्यंत शाबूत राहतो, फळ कुजायला लागलं की मगच फुटतो. मला वाटत होतं, पडदा आधी सैल होतो, फळ बाहेरून टणक असतानाच.

"मग दाखव," सर म्हणाले. "पण केळी घेऊन दाखव. चिकूचा चीक तुझी सगळी काचसामग्री चिकटवून टाकेल."

मला चिकूच हवा होता. केळं पिवळं पडून स्वतःची बातमी देतं. चिकू कच्चा असला तरी तपकिरी आणि पिकला तरी तपकिरी. आत काय चाललंय हे बाहेरून शेवटपर्यंत कळू न देणारं असं दुसरं फळ मला माहीत नाही. सरांनी मान हलवली, पंधरा दिवसांची रजा मंजूर केली आणि बोर्डीच्या एका वाडीवालीच्या नावे ओळखीचे दोन शब्द लिहून दिले.

डहाणू रोड ते बोर्डी

सामानात माझ्या दोन साड्या आणि बाकी सगळी प्रयोगशाळा होती. सर्वांत जपायची वस्तू म्हणजे लाकडी पेटीतला विजेचा पूल. नाव मोठं असलं तरी काम साधं. पाण्यात क्षार जितके जास्त, तितकी वीज त्यातून सहज वाहते. पेटीला कानाला लावायचा फोन असतो, त्यात गुणगुण ऐकू येते. बटण फिरवत फिरवत गुणगुण जिथे अगदी बारीक होईल तिथला आकडा वाचायचा. चिकूच्या चकत्या पाण्यात ठेवल्या आणि पाण्यात क्षार उतरले, तर पडदा गळतोय असं समजायचं. दुसरी जपायची वस्तू म्हणजे काचेच्या बरणीतलं ऊर्ध्वपातित पाणी, ज्यात क्षाराचा कणही नसतो.

डहाणूहून बोर्डीला जाणारी बस समुद्राच्या कडेकडेने जाते. एका बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले, दुसऱ्या बाजूला चिकूच्या वाड्या. पुण्याच्या माणसाला हा वास पहिल्या क्षणी नाकावर बुक्की मारल्यासारखा लागतो, पाव तासाने आठवतही नाही. शेजारी एक मांगेलीण, म्हणजे इकडची कोळीण, सुक्या मासळीची पाटी पायांत धरून बसली होती. माझ्या मांडीवरची पेटी आणि त्यातून डोकावणारी वायर तिने बराच वेळ न्याहाळली.

"रेडिओ हाय का, बाय?"

"नाही. फळं तपासायचं यंत्र आहे."

"फळं खाऊन बघायची ना," ती म्हणाली. तेवढ्यात समोरून आलेल्या बैलगाडीला वाट देण्यासाठी ड्रायव्हरने बस खड्ड्यात घातली. मी पेटीला मिठी मारली. मांगेलिणीनेही एक हात पेटीवर घट्ट दाबून धरला, म्हणून ती वाचली. पायाशी ठेवलेली बरणी मात्र कुणी धरलेली नव्हती. तिला उभी भेग गेली आणि पुण्याहून आणलेलं सगळं पाणी बसच्या फळ्यांमधून रस्त्यावर गळून गेलं.

"पाणीच व्हतं ना?" ती म्हणाली. "मग कशाला तोंड पाडते? बोर्डीत विहिरी हायेत."

बोर्डी

वाडीवाली म्हणजे शिरीनबाई. इराणी, साठीच्या घरात, उंच, पायात पुरुषी बूट. नवरा जाऊन काही वर्षं झालेली, मूलबाळ नाही, वाडी स्वतः बघतात. माझ्याशी मराठी बोलायच्या, कामाला येणाऱ्या वारली बायांशी त्यांच्या बोलीत, बैलांशी गुजरातीत. सरांची चिठ्ठी त्यांनी न वाचताच बाजूला ठेवली.

"आधी चा पी, दीकरी. मग सांग काय पायजे."

पुदिना आणि गवती चहा घालून उकळलेला तो चहा मी पहिल्यांदाच प्यायले. सोबत चिकू आले. आमच्याकडे चिकू पाहुण्यांना फोडी करून देतात, आजाऱ्याला तर साल काढून. इथे हाताने दोन शकलं केली, बिया थुंकल्या आणि गर सालीतून ओरपून घेतला, झालं. मी सुरी शोधते आहे हे बघून शिरीनबाई हसल्या.

विहिरीच्या पाण्याने माझी लगेच निराशा केली. समुद्र जवळ, पाण्याला खारटपणा. फोन कानाला लावला तर गुणगुणीचा ठावच लागेना. अशा पाण्यात चिकूने सोडलेला क्षार शोधणं म्हणजे बाजारात कुजबुज ऐकायला जाण्यासारखं होतं.

संध्याकाळी ओट्यावर बसल्यावर शिरीनबाईंनी मला त्यांची गोष्ट सांगितली. त्यांच्या करंड्या रेल्वेने दिल्लीला जात. गेले दोन हंगाम तिथला व्यापारी माल परत करून कळवत होता की तो आतून ओला होऊन येतो. त्याला संशय होता की बाई पिकलेली फळं टणक फळांखाली दडपून पाठवतात.

"मी एक एक फळ या अंगठ्याने दाबून भरते," त्या म्हणाल्या. "टणक असते, दगड. दिल्लीला जाऊन काय होते, मला समजत नाय."

त्यांचा दीर सोराबजी मुंबईला असतो. त्याचं म्हणणं, वहिनींनी वाडी ठरावीक रकमेवर, इजाऱ्याने, त्याला चालवायला द्यावी आणि मुंबईला येऊन आरामात राहावं. कागद करायला तो पुढच्या आठवड्यात येणार होता. शिरीनबाई नको म्हणाल्या नव्हत्या. व्यापाऱ्याने आणखी एकदा माल परत केला तर नको म्हणायला तोंड उरणार नाही, असं त्यांचं मत होतं.

"तुझ्या पेटीत फळाच्या आतलं समजते?"

"समजायला पाहिजे," मी म्हणाले. "पण आधी पाणी पाहिजे."

"साफ पाणी? बॅटरीत घालतात तसं?"

मोटारीच्या बॅटरीत घालतात ते पाणी ऊर्ध्वपातितच असतं, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

"मग तलासरीला जा," त्या म्हणाल्या. "हायवेवर मगनभाईचं गॅरेज हाय."

आशागडवरून तलासरीला

सकाळी बोर्डीहून डहाणू, तिथून आशागडवरून हायवेपर्यंत आणि मग तलासरी, असा उलटा-सुलटा प्रवास एका बरणीभर पाण्यासाठी केला. आशागड सोडलं की समुद्राचं अस्तित्व पुसलं जातं. गवत, साग, ताडाची झाडं, उघड्या माळावर एकेकटी कुडाची घरं. आशागडला बस रेडिएटर थंड करायला थांबली तेव्हा एका घराच्या अंगणात मी पाणी मागितलं. त्या बाईने आधी बसायला पाट दिला, मग तांब्या. पुण्यात पाणी आधी आणि "बसा" म्हणणं नंतर, तेही म्हटलं तर. तिच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेलं लग्नाचं चित्र होतं, आणि ते कुणाच्या लग्नाचं असं विचारल्यावर ती म्हणाली, "माझ्याच. पुसू नाय दिलं."

मगनभाई हा हायवेवरच्या ट्रकवाल्यांचा माणूस. ग्रीसने माखलेले हात, कानामागे विडी. मी पाणी का मागते ते ऐकून त्याला माझी दया आली असावी.

"चिकू माटे बॅटरीनुं पाणी," तो आपल्या कारागिराला म्हणाला आणि मग माझ्याकडे वळून, "घ्या बेन, पायजे तेवढं घ्या. पण चिकू चालू होईल की नाय, गॅरंटी नाय."

परतताना मला गॅरंटी उपयोगी पडली असती. नाक्यावर हवालदाराने बस थांबवली. नवीन राज्य झाल्यापासून तलासरीच्या पुढे थोडं गेलं की गुजरात लागतो. दारूबंदी दोन्हीकडे, त्यामुळे बाटल्यांवर नजर फार. माझ्या पिशवीत पाण्यासारखं दिसणारं काहीतरी भरलेल्या चार मोठ्या बाटल्या. हवालदाराने वास घेतला. वास नाही. त्याला ते जास्तच संशयास्पद वाटलं.

"कशासाठी?"

"चिकूच्या पेशींचे पडदे तपासायला."

त्याने बुचातून घोटभर पाणी जिभेवर घेतलं आणि माझ्याकडे अशा चेहऱ्याने बघितलं की जणू मी काहीतरी सज्जनपणाचं पण निरर्थक काम करते आहे. बाटल्या परत मिळाल्या.

पुन्हा बोर्डी

आता कामाला लागले. लखी नावाची एक वारली बाई शिरीनबाईंकडे चिकू उतरवायला येत असे. बांबूच्या टोकाला जाळीची पिशवी बांधून ती फळ अलगद आत घेते. कुठलं फळ कधी उतरलं हे मी देठाला रंगीत दोरा बांधून ठेवायला लागले. करंड्या माजघरात ओळीने मांडल्या. बैलगाडी पूर्ण भरेपर्यंत फळं तिथे दोन-तीन दिवस ठेवायची, मग स्टेशनवर न्यायची, ही वाडीची जुनी रीत होती.

रोज करंडीतली फळं घ्यायची, पोकळ नळीने गराच्या गोल चकत्या कापायच्या, चीक पुसायचा, धुवायच्या, पाण्यात ठेवायच्या आणि मग कानाला फोन. सर चिकाबद्दल खरं बोलले होते. माझी बोटं एकमेकांना चिकटली, नळी चिकटली, एकदा फोन कानाला चिकटला. खोबरेल तेलाने सोडवून घेत मी पुढे जात राहिले.

आणि आकडे आले. ताज्या फळाच्या चकत्यांनी पाण्यात जवळजवळ काही सोडलं नाही. माजघरात ठेवलेल्या फळांच्या चकत्या मात्र वाहत होत्या, आणि ही फळं अंगठ्याला अजून टणक होती. मला हवं होतं तेच. मी शिरीनबाईंना बोलावलं, फोन त्यांच्या कानाला लावला.

"हे ताजं. आणि हे तुमचं दगडासारखं टणक फळ. फरक ऐकू येतो?"

त्यांनी दोनदा ऐकलं. "म्हणजे आतून सुटायला लागलं?"

"हो. बाहेर कळायच्या आधी."

"मग आम्ही उशिरा उतरवतो," त्या म्हणाल्या. "उद्यापासून आठवडाभर आधीची फळं उतरवते. कच्ची."

माझ्या आकड्यांवरून तसाच अर्थ निघत होता. जेवणात त्या दिवशी अंड्यावर टोमॅटो घालून केलेलं काहीतरी होतं, आणि मी, जिच्या घरी अंडं बाहेरच्या स्टोव्हवर शिजतं, दोनदा मागून घेतलं.

सकाळी भांडी धुवायला घेतली तेव्हा आदल्या दिवशीच्या चकत्या पाण्यातच होत्या. ताज्या फळाच्या चकत्या होत्या तशाच. पिकायला लागलेल्या फळाच्या चकत्या फुगल्या होत्या. कडा उसवलेल्या. मी एक उचलून मोजपट्टीवर धरली. कापली होती त्यापेक्षा स्पष्ट जाड.

मी तिथेच मोरीशी बसले. फळ पिकतं तसा पेशीतला रस गोड आणि दाट होतो. असा दाट रस भरलेली पेशी कोऱ्या पाण्यात टाकली की पाणी तिच्यात घुसतं. ती फुगते, आणि पडदा ताणून फाटतो. म्हणजे गळती झाली खरी, पण ती फळाने केली नव्हती. मी केली होती, तलासरीहून चार बाटल्या आणून. झाडावर किंवा करंडीत त्या पेशींना असं पाणी कधीच भेटत नाही.

बाहेरून लखीचा आवाज आला. वाडीत कामाला सुरुवात झाली होती. मी हात न पुसताच धावले. शिरीनबाई झाडाखाली उभ्या होत्या, आणि पहिल्या करंडीच्या तळाशी हिरवट, खरखरीत, अजून आठवडाभर तरी झाडावर राहायला हवे होते असे चिकू पडले होते. असा चिकू कितीही ठेवला तरी गोड होत नाही, तोंडात चीक तेवढा भरतो.

"थांबवा," मी म्हणाले. "माझा प्रयोग चुकला."

शिरीनबाईंनी हात वर केला. लखीने बांबू खाली घेतला. मी धापा टाकत सगळं सांगितलं, फुगलेली चकती दाखवली. त्यांनी ती तळहातावर घेऊन उन्हात बघितली.

"म्हणजे काल तू जे बोलली ते खोटं?"

"खोटं नाही. कच्चं. मला पुन्हा करायचंय."

"सोराबजी परवा नाय तर तेरवा येते."

"मला माहीत आहे."

"मग बोलत काय बसली? काय पायजे सांग."

"साखर," मी म्हणाले.

पांढरी साखर पाण्यात विरघळली तरी वीज वाहून नेत नाही. उलट पाणी दाट करते. पिकत्या चकत्या फुगणार नाहीत आणि आक्रसणारही नाहीत इतका गोड पाक मला करायचा होता. शिरीनबाईंच्या डब्यातली साखर संपली, शेजारून आली. प्रत्येक वयाच्या फळासाठी वेगळं प्रमाण. दिवसभर मी चकत्या मोजत राहिले, आणि शिरीनबाई चुलीपुढे उभ्या राहून माझ्यासाठी पाणी कोमट करत राहिल्या. आपण हलवायाच्या भट्टीत काम करतो आहोत असं त्या म्हणाल्या तेव्हा आम्ही दोघीही त्या दिवशी पहिल्यांदा हसलो.

नव्या आकड्यांनी माझा पक्ष पाडला. साखरेच्या पाण्यात माजघरातली टणक फळं ताज्या फळांइतकीच शांत होती. गळती वाढत होती ती फळ मऊ व्हायला लागल्यावर. सरांचंच खरं. मी ते मान्य करून मोकळी होणार होते, पण एका करंडीने मला सोडलं नाही. तिच्यातली फळं माजघरातल्या बाकीच्या फळांच्याच दिवशी उतरलेली, तेवढीच टणक, आणि तरी गळत होती. मी पुन्हा चकत्या कापल्या. पुन्हा तेच.

मी लखीला विचारलं, या करंडीत वेगळं काय.

"ती पलीकडच्या वाडीतली, बाय," ती म्हणाली. "तिथल्या कोठीत होती. काल गाडीतून आणली. बाकीच्या मी डोक्यावर आणल्या."

पलीकडच्या वाडीची वाट दगडगोट्यांची होती. मी त्याच दिवशी बैलगाडी मागितली. ताज्या फळांची एक करंडी आणि दोन दिवस ठेवलेल्या फळांची एक, दोन्ही गाडीत घालून त्या वाटेने नेल्या आणि परत आणल्या. गाडीवानाने कारण विचारलं नाही, पण बैलांना काहीतरी सांगितलं आणि ते शिरीनबाईंना ऐकू आलं. त्यांनी मला त्याचा अर्थ सांगितला नाही.

ताज्या फळांना गाडीच्या धक्क्यांनी काहीही झालं नव्हतं. ठेवलेल्या फळांच्या चकत्यांनी साखरेच्या पाण्यात भराभर क्षार सोडला. अंगठ्याला दोन्ही सारखीच टणक.

आता उलगडलं. फळ पिकायला लागलं की पडदा लगेच फाटत नाही, पण त्याची सोसायची ताकद जाते. स्वस्थ ठेवलं तर तो टिकून राहतो. धक्का बसला की जातो. झाडावरून नुकतं उतरलेलं फळ तोच धक्का पचवतं. मी आणि सर, दोघांनीही फळ टेबलावर ठेवूनच त्याचा विचार केला होता.

"म्हणजे उतरवायची वेळ बरोबर हाय," शिरीनबाई सावकाश म्हणाल्या. "थांबवून ठेवतो ते चुकते."

"असं मला वाटतं."

"काल पण तुला वाटलं होतं," त्या म्हणाल्या. त्यात राग नव्हता. "गाडी वाडीत फिरवली. दिल्ली किती लांब हाय, माहीत हाय? मला लांबून आलेली करंडी उघडून दाखव."

पुन्हा तलासरी

तीन करंड्या भरल्या. एक त्या दिवशी सकाळी उतरलेल्या फळांची, दोन माजघरातल्या. माजघरातली एक तिथेच राहिली, हलवायची नाही म्हणून दारावर लखीला बसवलं. बाकीच्या दोन घेऊन आम्ही दोघी तलासरीला गेलो. बसमध्ये आम्ही एकेक करंडी मांडीवर घेतली, शिरीनबाईंनी खाली ठेवूच दिली नाही.

मगनभाईने अहमदाबादला जाणारा एक ओळखीचा ट्रक थांबवला. ड्रायव्हर सरदारजी होता. दोन करंड्या न्यायच्या, उतरवायच्या नाहीत, तशाच परत आणायच्या, हे त्याला तीनदा सांगावं लागलं.

"वापस लाना है, तो भेजना काहे को?" त्याने विचारलं.

"रस्ता दाखवायला," शिरीनबाई म्हणाल्या.

ट्रक परत यायचा त्या दिवशी सकाळी सोराबजी बोर्डीला पोचला होता. शिरीनबाईंनी त्याला चहा दिला, जेवण झाकून ठेवलंय म्हणून सांगितलं आणि माझ्याबरोबर बस पकडली. तलासरीला ट्रकचा पत्ता नव्हता. आम्ही गॅरेजच्या बाकावर बसून राहिलो. दुपारी मगनभाईच्या घरून ज्वारीचे रोटले आणि तळलेल्या मिरच्या आल्या. शिरीनबाई जेवल्या नाहीत. उन्हं कलली, परतीची एक बस गेली, आणि त्यांनी तिच्याकडे मान वळवूनही बघितलं नाही.

ट्रक आला तेव्हा धुळीने माखला होता. मगनभाईने दोन्ही करंड्या पाटावर ठेवल्या. शिरीनबाईंनी आधी माजघरातली करंडी उघडली. वरची फळं शाबूत दिसत होती. हात खाली घातला आणि बोटं ओली होऊन बाहेर आली. एक चिकू फोडला. साल तपकिरी, निरोगी. आत एका बाजूला गर काळपट, पाणथळ, आंबूस.

"हेच," त्या म्हणाल्या. "व्यापारी हेच सांगत होता."

दुसरी करंडी त्यांनी लगेच उघडली नाही. पदराला हात पुसले. मग गवत बाजूला केलं, तळातलं फळ काढलं, अंगठ्याने दाबलं. पिकायला आलेलं, किंचित दबणारं. दोन शकलं केली. आतून सगळीकडे सारखं, कोरडं, तांबूस. त्यांनी एक शकल सरदारजीला दिलं, एक मगनभाईला. पुढचं फोडलं. तेही तसंच. मी पेटी उघडून चकत्या कापत होते, फोन कानाला होता, आणि आकडा जिथे यायला हवा होता तिथे आला. पण माझ्या आकड्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सरदारजी तिसरा चिकू खात होता.

"बेन, चिकू तर चालू झाला," मगनभाई म्हणाला.

रात्र पडायच्या आत बोर्डी गाठली. लखी माजघराच्या दारात बसलेली होती. तिने राखलेली करंडी उघडली. फळं मऊ झाली होती, पण आत एकही काळा डाग नव्हता. त्या फळांना रस्ता लागला नव्हता.

वाडी

सोराबजी ओट्यावर बसला होता. सभ्य माणूस, वहिनींच्या काळजीनेच आलेला, असं मला तरी वाटलं. कागद त्याच्या बॅगेत होते आणि बॅग त्याने जवळच ठेवली होती.

"शिरीन, सही केव्हा करणार?" त्याने विचारलं.

"नाय करणार."

"व्यापाऱ्याने पुन्हा माल परत केला तर?"

"नाय करणार परत. आणि केला तर मी स्वतः दिल्लीला जाऊन करंडी उघडेन त्याच्यासमोर."

त्याने माझ्याकडे बघितलं, जणू हे मी त्यांना शिकवलं होतं. मी शिकवलं नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की पिकत्या फळाला धक्का सोसत नाही. कुणी किती धक्के सोसायचे आणि कुठे नाही म्हणायचं, हे त्यांनी स्वतः ठरवलं होतं.

पुण्याला परतल्यावर सरांनी माझे आलेख दोन दिवस स्वतःकडे ठेवून घेतले. मग म्हणाले, "तुझं म्हणणं सिद्ध झालेलं नाही. माझंही पुरतं नाही. पुढच्या हंगामात पुन्हा जा, आणि या वेळी बरणी पत्र्याची ने." माझ्यासाठी एवढं पुरेसं आहे. मी जाणार आहे.

पण निघायच्या दिवशीची सकाळ सांगायची राहिली. उजाडताच चिकू उतरले, करंड्या भरल्या आणि गाडीत चढल्या. गाडी निम्मीही भरली नव्हती. गाडीवान नेहमीप्रमाणे बैल सोडायला लागला, कारण या वाडीतून निम्मी गाडी आजवर कधी गेली नव्हती.

"सोडू नको," शिरीनबाई म्हणाल्या. "हाक."

"उरलेली जागा?"

"रिकामी जाऊ दे."

गाडी फाटकातून स्टेशनच्या रस्त्याला लागली. शिरीनबाईंनी फाटक बंद केलं नाही. वाडीत मागे वळून त्यांनी लखीला पुढच्या झाडांकडे पाठवलं आणि दुपारसाठी दुसरी गाडी जुंपायला सांगितली.